लटारूभाऊची भरमार चहाले जाते

मोहर्लीच्या रस्त्यावर, जंगलाला पाठ टेकून बसलेल्या एका गावात लटारूभाऊची धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं भातशेत आहे. बांधीला लागूनच एक रिसॉर्ट. तिथल्या मालकाला हौस अशी, की पाहुण्यांना खोलीतूनच जंगल दिसावं; म्हणून कुंपणाच्या आतलं गवत कापायचं नाही असा त्याचा हुकूम. गवत माणसाच्या डोक्यावर गेलं. पाहुण्यांना जंगल दिसलं की नाही कोण जाणे, रानडुकरांना मात्र घर दिसलं. दिवसा गवतात लोळायचं आणि अंधार पडला की तारेखालून लटारूभाऊच्या धानात.

लटारूभाऊकडे त्याचं औषध होतं. बापाच्या वेळची, पीक राखायच्या परवान्याची भरमार बंदूक. तोंडातून दारू ठासायची, हवेत बार काढायचा, की डुकरं शेपट्या उभारून थेट तलावापलीकडे. त्या बंदुकीनं उभ्या जन्मात एक डुक्कर पाडलं नाही. पाडला तो एकदा लटारूभाऊच, बाराच्या धक्क्यानं मचाणावरून खाली, आणि मग महिनाभर गावातले लोक येता-जाता त्याला डुकराची तब्येत विचारत होते.

पण मागच्या हंगामात रिसॉर्टमधल्या कुण्या पाहुणीची त्या आवाजानं झोप मोडली. तक्रार गेली. ठाण्याचे जमादार वामनराव येऊन सांगून गेले, की पाहुणे आहेत तोवर बार काढू नका. लटारूभाऊ कायद्याचा माणूस. बंदूक खुंटीला गेली ती गेलीच, आणि धान डुकरांनी नेलं. यंदा पुन्हा धान निसवलं होतं, लोंब्यांत दूध भरत होतं, आणि बांधावर खुरांचे ठसे उमटायला लागले होते. हेही पीक गेलं तर वर्षभर विकतचा तांदूळ खायचा. आणि धान पिकवणाऱ्या माणसाला विकतचा भात घशाखाली उतरत नाही.

रिसॉर्टचा मॅनेजर सुनिल तसा गोड बोलायचा. गवत कापा म्हटलं की वर विचारतो म्हणायचा. त्याचं ते वर कुठं होतं, ते गावाला काही दिसलं नाही. शेवटी ग्रामसभेत ठरलं. परवानेवाल्या सगळ्यांनी आपापल्या भरमारी, रिकाम्या, उघड खांद्यावर घेऊन रिसॉर्टच्या हॉटेलात जायचं आणि चहा प्यायचा. भांडण नाही, घोषणा नाही, नुसता निषेध. टाळ्या तर अशा पडल्या, की झाडावरचे बगळे उडाले. सकाळ झाली तशी परवानेवाल्या पत्रूची कंबर धरली, दुसऱ्याकडे सोयरे आले, तिसऱ्याच्या बंदुकीचा घोडाच सापडेना. लटारूभाऊ एकटाच निघाला. धुतलेलं धोतर, डोक्याला दुपट्टा, खांद्यावर भरमार.

आता इकडची रीत अशी, की कुणाच्याही घरी जाताना लोखंड उंबऱ्याबाहेर. कुऱ्हाड असो, विळा असो, भिंतीला टेकवायचा आणि मग आत पाय टाकायचा. लटारूभाऊचा हात साठ वर्षं त्याच वळणाचा. हॉटेलच्या दाराशी त्यानं चपला काढल्या, बंदूक चपलांशेजारी भिंतीला टेकवली, आत गेला, ताठ बसून चहा प्याला आणि मोठा निषेध करून आल्यासारखा बाहेर आला. दारावरचा चौकीदार पोचू गावातलाच. त्यानं बंदूक जपून पाहुण्यांच्या छत्र्यांत उभी करून ठेवली होती. आत कुणाला काही पत्ताच नव्हता.

लटारूभाऊ घरी पोचायच्या आधी ही बातमी घरी पोचली.

"आंदोलनाले गेल्ते का देवळात?" त्याच्या बायकोनं, भागीरथाबाईनं विचारलं. "चपलेपाशी ठेवून आले म्हणे."

"हात नाई आयकत व, काय करू?"

"मंग उद्या हाताले सांगून जा."

दुसऱ्या दिवशी लटारूभाऊनं हाताला सांगितलं. चपला बाहेर राहिल्या, बंदूक आत गेली. त्यानं तिला शेजारच्या खुर्चीवर सोयऱ्यासारखी बसवली आणि चहा मागवला. सगळ्या माना त्या खुर्चीकडे वळल्या. मग एका पाहुण्यानं धीर करून विचारलं, की काका, शिकारी आहात का? लटारूभाऊनं हात जोडून सांगितलं, की नाई जी, शिकार डुकरं करतात, माझ्या धानाची; आणि गवताची सारी कथा सांगितली. झालं उलटंच. पाहुणे खुश. जो तो बंदुकीशेजारी उभा राहून फोटो काढतो, आणि लटारूभाऊ निषेध सोडून मिशा सावरतो.  सुनिलनं मात्र ठाण्याला फोन लावला.

वामनराव आले ते गंभीर चेहऱ्यानं. बंदूक भरलेली निघाली, तर परवानाही जाईल आणि बंदूकही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. लटारूभाऊ म्हणाला, रिकामी आहे, बघून घ्या. जमादारांनी बंदुकीचा दारू ठासायचा गज काढून नळीत घातला. गज टीचभर गेला आणि अडकला.

पाहुणे खांबाआड झाले. सुनिल काउंटरमागे खाली बसला. लटारूभाऊ मनात मागं जाऊन आठवू लागला. आपण मागच्या हंगामात भरून तर ठेवली नव्हती? आठवेना. दसऱ्याला भागीरथाबाईनं बंदुकीला हळद-कुंकू लावलं होतं, पण नळीत कोण डोकावतो?

जमादारांनी बंदूक बाहेर अंगणात नेली, गज हळूच काढून घेतला आणि नळी उलटी केली. सुक्या मातीची ढेकळं पडली. मागोमाग हिरव्या अळ्या. आणि शेवटी निळसर पंखांची एक कुंभारमाशी बाहेर आली, जमादारांच्या टोपीभोवती रागानं फिरली आणि निघून गेली. तिनं नळीत घर बांधलं होतं. पोचू इतका हसला की त्याची शिट्टीच तोंडातून पडली.

"लटारूभाऊ, हे बंदूक हाय का घरकुल?" वामनरावांना हसू आवरेना.

लटारूभाऊच्या जिवात जीव आला, आणि त्याबरोबर जिभेतही.

"साहेब, तुमीच सांगतले आवाज करू नको. नाई केला. जिथी कोणी हटकत नाई, तिथी जीव घर बांधते. माशीनं बंदुकीत बांधलं, डुकराइनं या रिसॉर्टवाल्याइच्या गवतात. माशीचं तुमी मोडलं. आता डुकराइचं कोण मोडन?"

खांबाआडून पाहुणे बाहेर आले. एका नागपूरच्या बाईंनी विचारलं, की म्हणजे आमच्या खिडकीखाली डुकरं झोपतात? मग मात्र सुनिलला वर विचारावं लागलं नाही. वामनरावांनीही त्याला सोपं करून सांगितलं, की एक तर यांचा बार, नाही तर तुमचा विळा. काय ते ठरवा.

दुसऱ्याच दिवशी गावातल्या बाया विळे घेऊन आत शिरल्या. पोचूनं फाटक सताड उघडलं, आणि पत्रूची कंबर बरी होऊन तोही गवताचे भारे वाहायला आला. दुपारपर्यंत डुकरांचं बिऱ्हाड पिल्लांसकट हॉटेलसमोरच्या हिरवळीवरून, मांडलेल्या खुर्च्या पाडत, जंगलाकडे गेलं. पाहुण्यांनी त्याचेही फोटो काढले.

धान लटारूभाऊच्या घरात आलं. नव्या तांदळाचा भात शिजला त्या दिवशी भागीरथाबाई खुंटीकडे बघून म्हणाली, की ते माशी पुन्हा माती आणून राह्यली, नळी साफ करा.

"राहू दे," लटारूभाऊ भात कालवत म्हणाला. "ते धान नाई खात."