दौल्याच्या रक्ताचा रिपोर्ट

आता कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला! खरं म्हणजे सांगायलाच नको. पण गल्लीत हा किस्सा इतक्या लोकांनी इतकं तिखटमीठ लावून सांगून झालाय की म्हटलं, आपली बेअब्रू निदान आपल्या तोंडून तरी नीट ऐकवावी. चहा घ्या. बिस्कीट घ्या. आणि मध्ये हसायचं नाही, आधीच बजावून ठेवतो.

तर आमचा दौल्या. कुत्रा. दौलताबादच्या घाटात रस्त्याच्या कडेला सापडला म्हणून नाव ठेवलं दौलत, आणि दौलतचा आठ दिवसांत झाला दौल्या. साधा गावठी, तांबडा, एक कान उभा, एक पडलेला. आम्हाला मूलबाळ नाही. जे काय आहे ते हेच. गमतीनं नाही म्हणत मी. सुमन, म्हणजे आमच्या घरची मालकीण, तव्यावरची पहिली भाकरी त्याला घालते आणि दुसरी मला.

मी बत्तीस वर्षं गाईड. अजिंठा, वेरूळ, मकबरा, सगळं पाठ. पहाटे घर सोडायचं, दिवसभर बसभर लोकांना लेणी समजावून सांगायची, आणि रात्री घरी यायचं ते घसा बसवूनच. त्यामुळं सुमनचं आणि माझं आयुष्यात कधी भांडण झालं नाही. बोलायलाच येत नसायचं मला!

गेल्या दिवाळीनंतर गुडघ्यांनी हात वर केले. अजिंठ्याच्या पायऱ्या बंद, काम बंद, मी मुकुंदवाडीच्या घरात बसलो. सुमनला नेमकी त्याच महिन्यात भजनाची गोडी लागली. आधी एक मंडळ, मग दोन, मग तीन. जेवण झालं की टाळ घेऊन जी बाहेर पडायची ती दिवेलागणीलाच घरी. म्हटलं, चांगलं आहे, वय झालं की माणूस देवाकडं वळतोच.

घरात उरलो दोघं, मी आणि दौल्या. दिवसभर सोबत एकमेकांना. मला वाटायचं, किती भाग्यवान कुत्रा!

आणि संक्रांतीच्या सुमाराला त्याला ते दुखणं लागलं.

आधी डोळे लाल झाले. मग चाल बिघडली. दाराच्या चौकटीला धडकायचा, थांबायचा, चौकटीकडं बघायचा, पुन्हा धडकायचा. एक दिवस दूध-भाकरी खाता खाता तोंड हळूहळू खाली गेलं, गेलं, आणि नाकापर्यंत दुधात बुडालं! तसाच उभा! मी ओरडलो तेव्हा कुठं फुरफुर करत दचकला. सात वर्षं ज्यानं भाकरीचा तुकडा खाली पडू दिला नाही, तो ताटात बुडतोय?

मग लपायला लागला. कधी पलंगाखाली, कधी मोरीत, कधी पाण्याच्या टाकीमागं. मी शोधून काढायचो, कुरवाळायचो, "काय झालं रे राजा, सांग तरी" म्हणून समोर बसायचो. तो माझ्याकडं अशा नजरेनं बघायचा की माझ्याच काळजाचं पाणी पाणी व्हायचं. आणि मी उठून दुसरीकडं गेलो की हा पुन्हा गायब.

एका दुपारी कुठंच सापडेना. हाका मारून मारून घसा सुकला. शेवटी कंपाउंडवरून शेजारी डोकावलो, तर कडूबाच्या अंगणात, प्लास्टिकच्या ड्रमामागं, चारी पाय लांब करून पडलेला! जीभ बाहेर! हाक मारली तरी हालचाल नाही!

आता हा कडूबा कोण, ते सांगतो. आमचा शेजारी. चिकलठाण्याच्या एका कंपनीत कायम रातपाळीला. माणूस तसा सरळ, पण चारच दिवसांपूर्वी भर दुपारी त्याला खिडकीतून ओरडताना मी माझ्या कानांनी ऐकलं होतं, "आरं काय डोक्याला ताप हाय! दिवसभर नुसती कटकट, कटकट! याचा एकदा कायमचा बंदोबस्तच करावा लागंल!"

त्या दिवशी सकाळी दौल्या भाजीवाल्यावर एकदा भुंकला होता. मी काय समजायचं? तुम्ही काय समजला असता?

झालं! डोक्यात एकच शब्द फिरला. विष!

गुडघ्यांचं दुखणं कुठल्या कुठं गेलं हो. कंपाउंडवरून पलीकडं उडी मारली मी! दौल्याला उचलून उराशी धरलं आणि गल्ली हादरेल असा ओरडलो, "मारलं! माझ्या लेकराला विष घालून मारलं!"

दारं उघडली, खिडक्या उघडल्या, गच्चीवर बायका जमल्या. कडूबा बनियनवर बाहेर आला. केस उभे, आणि डोळे? लालभडक! मी म्हटलं बघा, बघा, गुन्हेगाराचे डोळे बघा!

"आवो गाईडसाहेब, काय झालं वो? कोणाला मारलं?"

"तूच सांग कोणाला मारलं! काय खायला घातलंस याला?"

"म्या? आवो, म्या झोपलो व्हतो! म्हंजे, झोपायचं बघत व्हतो..."

"कायमचा बंदोबस्त करतो म्हणाला होतास की नाही? खरं बोल!"

कडूबानं माझ्याकडं बघितलं, दौल्याकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं बघितलं. "म्हणलो व्हतो," तो पुटपुटला, "पर ते..." आणि त्यानं मान खाली घातली.

कबुली! अख्ख्या गल्लीसमोर कबुली! कडूबाची बायको रडायला लागली. समोरच्या आजी म्हणाल्या, "मुक्या जीवाला विष? आगं बाई, कसला माणूस म्हणायचा हा!" त्या दिवसापासून गल्लीत कडूबाशी कोणी बोलेना. दूधवाला सुद्धा पिशवी लांबून ठेवायला लागला. मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू.

रिक्षात घालून दौल्याला दवाखान्यात नेलं. जनावरांच्या डॉक्टर म्हणजे अगदी तरुण मुलगी, पण हात शांत. तिनं ताप बघितला, पोट दाबून बघितलं, हिरड्या बघितल्या.

"काका, विषबाधेसारखं दिसत नाहीये. पण अशक्त आहे खूप. रक्त तपासून घेऊ. किडनी, लिव्हर, सगळं बघू. रिपोर्टला तीन दिवस लागतील. तोपर्यंत याला पूर्ण..."

पुढचं मी ऐकलंच नाही. किडनी म्हटल्यावर माझ्या कानात गुंई झालं. तीन दिवस! तीन दिवसांत माझं लेकरू राहतंय की जातंय?

घरी येईपर्यंत मी एक ठरवलं. आमच्या गावाकडं, लहानपणी, कोणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, की त्याला मारुतीच्या देवळात आणून बसवायचे. कडुलिंबाचा पाला चारायचे, ढोल वाजवायचे, त्याच्याशी सारखं बोलत राहायचे. पण झोपू? अजिबात द्यायचे नाहीत! झोपला की विष चढलं, विष चढलं की संपलं. हे मी डोळ्यांनी बघितलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाली विष नाही, पण तिचं वय काय, अनुभव काय!

म्हटलं, रिपोर्ट येईपर्यंत दौल्याला झोपू द्यायचं नाही. मरणाला दारातच अडवायचं!

सुमन म्हणाली, "अहो, त्याला जरा पडू द्या ना."

"तुला काय कळतंय? तू जा भजनाला!"

ती लगेच गेली.

मग मी सुरू झालो. समोर दौल्या, मध्ये लिंबाचा पाला, हातात लेण्यात वापरायची माझी टॉर्च. ढोल कुठला आणणार? पण बोलायला मला ढोल लागतोय का! अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यापासून सुरुवात केली. पद्मपाणी, त्याची भुवई, त्याच्या हातातलं कमळ, रंग कशाकशाचे केले, सगळं. दौल्याचा डोळा मिटायला लागला की टाळ्या वाजवून, "इकडं लक्ष द्या मंडळी, मागचे लोक पुढं या!" तरी डुलकी लागली की डोळ्यात टॉर्च. उभा कान ताठ व्हायचा, पडलेला कान थरथरायचा. मी म्हणायचो, शाब्बास! लढतंय पोरगं!

दुसऱ्या दिवशी संपूर्ण वेरूळ झालं. कैलास लेणं तर मी वरून खाली कसं कोरलं ते दोनदा सांगितलं, कारण पहिल्या वेळी त्याचं लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी अजिंठ्याला परत येऊन सव्विसाव्या लेण्यापर्यंत पोचलो. तिथं भगवान बुद्ध उजव्या कुशीवर पहुडलेले आहेत. हे सांगताना दौल्या कण्हला. असं कण्हला, असं कण्हला, की मला हुंदका आवरेना. त्याच्या गळ्यात पडून रडलो मी. लाज कसली त्यात? म्हटलं, बाळा, मला सोडून जाऊ नकोस, मी कोणाशी बोलू रे?

चौथ्या दिवशी सकाळी त्याला उभंही राहता येईना. चादरीत गुंडाळून मी आणि सुमन दवाखान्यात पोचलो. डॉक्टरीणबाईनं कागद समोर धरला.

"काका, रिपोर्ट एकदम नॉर्मल आहे. किडनी चांगली, लिव्हर चांगलं. विषाचा काही संबंध नाही."

नॉर्मल? मी हादरलोच! म्हणजे रक्तातही सापडत नाही असलं काहीतरी भयंकर! मी टेबल धरलं आणि बोलायला लागलो. दूध-भाकरीपासून सुरुवात केली, मग चौकट, मग मोरी, मग टाकी, मग ड्रम, मग कडूबाचे लाल डोळे...

"काका."

...मग लिंबाचा पाला, तोही कवळाच आणलेला...

"काका! एक मिनिट. फक्त एक मिनिट काहीच बोलू नका."

मी थांबलो. दवाखान्यात शांतता झाली. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

तुम्हाला सांगतो, जो दौल्या त्या लोखंडी टेबलावर पाय ठेवायला सुद्धा थरथर कापायचा, त्यानं मिनिटाच्या आत मान खाली टाकली, चारी पाय ताणले, एक लांबलचक सुस्कारा सोडला, आणि घोरायला लागला! घोरायला! कंपाउंडर सुई घेऊन उभा होता, तो सुई घेऊन तसाच हसायला लागला.

"हाच आजार आहे," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाली. "गावठी कुत्री रात्री राखण करतात आणि दिवसा झोपतात. याला दिवसा झोपच मिळालेली नाही. दिवसा घरी कोण असतं?"

"मी."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"आणि दिवसभर याच्याशी..."

"गप्पा मारतो," मी म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू येईना. "थोड्याशा."

"मागच्या वेळी मी म्हटलं होतं, याला पूर्ण आराम द्या, झोपू द्या. मग या तीन दिवसांत काय केलंत?"

मी कंपाउंडरकडं बघितलं. मी भिंतीवरच्या गायीच्या चित्राकडं बघितलं. माझ्या लेकराला कोणी मारायला निघालं असेल तर तो मीच, आणि तेही जीव लावून!

सुमनकडं वळलो. "तुला तरी कळायला नको होतं का? बोलली का नाहीस?"

"कधी बोलणार? मध्ये जागा कुठं असते?" सुमन शांतपणे म्हणाली. "मला तरी भजनी मंडळं होती हो. त्या मुक्या जनावरानं कुठं जायचं?"

बघा! तीन मंडळं! आणि मी समजत होतो बाई देवाला लागली! हा धक्का रिपोर्टपेक्षा मोठा होता, खरं सांगतो. डॉक्टरीणबाईनं कागदावर एकच ओळ लिहून दिली, "दुपारी बारा ते पाच पेशंटशी बोलू नये." सुमननं तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि मला मागितला तरी दिला नाही.

दौल्या घरी आला तो दोन दिवस झोपला. तिसऱ्या दिवशी उठला, भाकरी खाल्ली, भाजीवाल्यावर भुंकला. मला भरून आलं. पण मी काही बोललो नाही.

राहिला कडूबा. त्या गरिबाची अख्ख्या गल्लीत छी थू केली होती मी. आता कुठं डोक्यात लख्ख उजेड पडला की खिडकीतून तो बंदोबस्ताची भाषा करत होता ती दौल्याबद्दल नव्हतीच! दौल्या कुठं कटकट करतो दिवसभर? म्हटलं, आता उशीर नको. अर्धा किलो जिलबी घेतली आणि दुपारी दोन वाजता, बारा ते पाच घरात बोलायची सोय नव्हतीच, थेट त्याच्या दारात उभा राहिलो.

कडूबा डोळे चोळत बाहेर आला. मी हात जोडले. "कडूबा, माझं चुकलं. तू निर्दोष आहेस. मी गल्लीत प्रत्येकाला घरोघरी जाऊन सांगणार आहे."

"असू द्या साहेब. झालं ते झालं. जावा, आराम करा."

"असं कसं असू द्या? नीट समजावून सांगतो. तुझ्या मनात किंतु राहायला नको."

बाजेवर बसलो आणि पहिल्यापासून सुरुवात केली. दूध-भाकरी, चौकट, मोरी, सगळं क्रमानं. रिपोर्टपर्यंत यायला जेमतेम पाऊण तास लागला असेल. कडूबा भिंतीला टेकून ऐकत होता, मान मध्येच खाली जात होती, पुन्हा वर येत होती. मी म्हटलं, किती मन लावून ऐकतोय! आणि तेवढ्यात तो एकदम खाली बसला आणि त्यानं माझे पायच धरले.

"गाईडसाहेब, इष म्याच घातलं तुमच्या कुत्र्याला! लेखी देतो, अंगठा देतो, काय पायजे ते देतो. मला हर्सूलच्या जेलात टाका. तिथं तरी दुपारचं झोपू देत असतील!"