बाबांच्या मेडिकलचा आठवडा

ऐंशीच्या दशकात डोंबिवलीतल्या आमच्या घरी गणपती आणि दिवाळीखेरीज आणखी एक सण असायचा, तो म्हणजे बाबांचं मेडिकल. बाबा अणुसंशोधनाच्या एका सरकारी केंद्रात वेल्डर होते. तिथल्या कामगारांची दर वर्षी रक्तापासून फुप्फुसांपर्यंत सगळी तपासणी व्हायची. ती त्यांच्याच भल्यासाठी होती, पण आमच्या घरी तिला वार्षिक परीक्षेचं रूप आलं होतं आणि तयारी करून घ्यायचं खातं आईकडे होतं.

आठवडाभर आधी पापड, लोणचं आणि सुकट वरच्या फळीवर जायची. रक्त वाढावं म्हणून बिटाची कोशिंबीर, शेवग्याच्या पाल्याची भाजी, गूळ-शेंगदाणे. बिटाचा इतका मारा की बाबा ताटाकडे बघून नुसता सुस्कारा सोडायचे. शिवाय ब्लडप्रेशर चढू नये म्हणून बाबांनी चिडायचं नाही, असा आईचा हुकूम. एरवी त्यांचा राग नाकाच्या शेंड्यावर. त्यामुळे गणितात काठावर पास झाल्याच्या बातम्या मी आणि माझा भाऊ या आठवड्यासाठी राखून ठेवायचो. बाबा डोळे मिटून "बरं" म्हणायचे. इतका गोड बाप वर्षातून एकदाच मिळायचा. तो आठवडा मला अजूनही हवासा वाटतो, बिटासकट.

या सगळ्यामागे भीती होती, हे मला पुढे कळलं. मेडिकलमध्ये काही निघालं की माणसाला त्याच्या कामावरून हलवून दुसरीकडे बसवत. पगाराला धक्का नसे, पण बाबांचा जीव वेल्डिंगमध्ये होता. त्यांच्याबरोबरचे एक काका असे स्टोअरमध्ये गेले. ते आमच्याकडे आले की आपल्या हातांकडेच बघत बसायचे. तेव्हापासून डॉक्टरांनी काहीही विचारलं तरी बाबांचं उत्तर ठरलेलं असे, "काही नाही साहेब, एकदम ठीक."

नव्वदच्या दशकात बाबा निवृत्त झाले. काही काळाने जुन्या कामगारांच्या तपासणीचं बोलावणं आलं, ठाण्यातल्या एका दवाखान्यात. आता त्यांना कोणी कुठे हलवणार नव्हतं. तरी त्यांनी स्वतःच बीट आणलं. गेल्या दिवाळीपासून त्यांना खोकला होता, रात्री उठून बसावं लागे. त्यासाठी ते ज्येष्ठमध चघळू लागले आणि फुप्फुसांच्या चाचणीची तयारी म्हणून बाल्कनीत उभे राहून जोरजोरात फुंकायला लागले. मानपाड्याच्या कारखान्यांकडून केमिकलचा वास येत असायचा आणि हे आपले फुंकतायत. आई बघायची आणि गप्प राहायची. आईचं गप्प राहणं मला कधीच बरं वाटलं नाही.

त्या दिवशी आम्ही तिघं बसने ठाण्याला गेलो. दवाखान्याच्या बाकांवर बाबांचे जुने सोबती इस्त्रीचे कपडे घालून, दाढ्या घोटून बसले होते. बाबांना बघून सगळे उठले. चेष्टामस्करी सुरू झाली, मीही खुशीत आले. मग लक्षात आलं, एकाने काठी वॉचमनकडे ठेवली होती आणि दुसऱ्याने गुडघ्याचा पट्टा काढून बायकोच्या पर्समध्ये कोंबला होता. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांचं संमेलनच होतं ते.

आत डॉक्टर तरुण होती, माझ्याहून थोडी मोठी. तिने विचारलं, "काका, खोकला, धाप वगैरे?"

"काही नाही, एकदम ठीक."

"खोटं बोलतायत ते," आई म्हणाली. "रात्रभर बसून असतात. दिवाळीपासून चाललंय."

बाबांनी आईकडे असं पाहिलं की मला खोलीतून निघून जावंसं वाटलं. इतकी वर्षं त्यांना तयार करून पाठवणाऱ्या बाईनेच त्यांना उघडं पाडलं होतं. डॉक्टर लिहायचं थांबून वाट बघत राहिली.

"दिवाळीपासून नाही," बाबा शेवटी म्हणाले. "नोकरीत होतो तेव्हापासून आहे."

आईला ते खरं वाटेना. "मग मला कसं नाही कळलं?"

"जेवल्यावर पान खायला म्हणून खाली जायचो ना मी, ते त्याच्यासाठीच. नाल्यापाशी जाऊन खोकून यायचो. तुला कळलं असतं, तर तू मला कामावर जाऊ दिलं असतंस का?"

आई खुर्चीत मागे टेकली. तिने बाबांच्या जेवणातलं मीठ मोजलं होतं आणि ती रोज या माणसाला पान खायला पाठवत होती. मला तिची फार कीव आली आणि बाबांचा फार राग.

तपासणीत निघालं, फुप्फुसांना इजा झाली होती. नेमकी कशाने, वेल्डिंगच्या धुराने की आणखी कशाने, ते डॉक्टरने छातीठोकपणे सांगितलं नाही. उपचार लगेच सुरू करू, पुढचं बिघडणं लांबवता येईल, एवढं म्हणाली.

घरी आलो. जेवण झाल्यावर बाबा सवयीने उठले आणि चपला शोधायला लागले. आई ताटं उचलत होती, तिने ती खाली ठेवली.

"अहो, बसा," ती म्हणाली. "इथंच खोका."

बाबा थोडा वेळ दारातच उभे राहिले. मग पाटावर येऊन बसले आणि आमच्यासमोर पहिल्यांदा पोटभर खोकले. आई त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून होती.