एकशे पंचेचाळीसचे चार पुतळे

"चारों फेल," सक्सेनासाहेब म्हणाले आणि त्यांनी टेप गुंडाळली.

मी स्टुलावर बसून चौथ्या पुतळ्याच्या भुवया रंगवत होतो. ब्रश तसाच हवेत राहिला.

नवं राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी इंदूरच्या एका सरकारी संग्रहालयात मॉडेलर होतो, म्हणजे पगारी पुतळेवाला. तोही टेम्पररी. राजधानी भोपाळला गेल्यापासून आम्हाला तपासायला माणसंही भोपाळहूनच येत; सक्सेनासाहेब त्यांतलेच. नव्या दालनात मध्य आफ्रिकेच्या जंगलातले चार पिग्मी पुरुष उभे करायचे होते. हे लोक म्हणजे सर्कशीतले बुटके नव्हेत. अंगाने अगदी प्रमाणबद्ध, फक्त चणीने लहान. एका प्रोफेसरांनी चार जणांची मापं पाठवली होती : १३८, १४२, १४८ आणि १५२ सेंटिमीटर. खाली लिहिलं होतं, सरासरी १४५. मी मापाबरहुकूम पुतळे केले. इथेच चुकलं.

"काग़ज़ में एक सौ पैंतालीस लिखा है," सक्सेनासाहेब म्हणाले. "आपका एक भी एक सौ पैंतालीस नहीं है."

"साहेब, ती सरासरी आहे. औसत. कोणी वर, कोणी खाली."

"तो सरकार ने ऊपर-नीचे वाले मँगाए थे क्या? औसत मँगाए थे. तोड़ के नए बनाओ."

आधी माती, मग साचा, मग प्लास्टर. एका पुतळ्याला महिना लागतो. उद्घाटन तीन दिवसांवर होतं. शिवाय माझ्या मुदतवाढीचा कागद सक्सेनासाहेबांच्याच बॅगेत होता.

आमचे क्यूरेटर पागेसाहेब, म्हणजे संग्रहालयाचे प्रमुख, भिंतीकडे बघत होते. त्यांना भिंती फार आवडत.

मी शेवटचा उपाय केला. सक्सेनासाहेबांकडून टेप मागून घेतली आणि पागेसाहेब, चौकीदार, मी आणि खुद्द सक्सेनासाहेब, चौघांना भिंतीशी उभं करून मोजलं. सरासरी काढली. चौघांपैकी एकही तिच्यात बसेना.

"बघा साहेब! म्हणजे आपण चौघंही फेल!"

सक्सेनासाहेबांनी शांतपणे टेप परत घेतली. "भिया, पास हमको थोड़ी होना है. पुतलों को होना है. परसों फिर आऊँगा."

ते गेल्यावर पागेसाहेब भिंतीपासून वळले. "अहो, एकेकाच्या तंगड्या थोड्या कापता येत नाहीत का?"

"येतात. आणि ज्यांना वाढवायच्या, त्यांचं काय? तुमच्या लावू?"

घरी स्नेहलतागंजपर्यंत मी सायकलवर स्वतःशीच भांडत गेलो. एका रेल्वे फाटकाशी थांबावं लागलं, तेव्हा लक्षात आलं : साहेब मोजतात कुठून? जमिनीपासून. आणि दालनातली जमीन करणारा कोण? मीच की!

सकाळी परदेशीपुऱ्यातल्या आरा मशीनवरून दोन पोती लाकडाचा भुसा आणला. भुसा, सरस आणि बागेतली वाळकी पानं मिळून जंगल झकास झालं. १५२वाल्याच्या पायांभोवती सात सेंटिमीटर पाला चढवला, १४८वाल्याभोवती तीन. १४२वाल्याला तीन सेंटिमीटरच्या मुळावर उभं केलं, १३८वाल्याला सात सेंटिमीटरच्या चपट्या दगडावर. तो दगड तेवढा खरा होता.

सक्सेनासाहेब आले. पहिल्या दोघांना त्यांनी पाल्यापासून मोजलं. मुळापाशी टेप धरून ते थबकले.

"यह जड़ ज़मीन में गिनी जाएगी या पुतले में?"

"साहेब, ज़मीन तो जड़ के नीचे है," पागेसाहेब म्हणाले. तीन दिवसांतलं त्यांचं पहिलंच उपयोगी वाक्य.

मुळाखालून, १४५. दगडाखालून, १४५. साहेबांनी चारही पुतळ्यांपुढे 'पास' लिहिलं आणि माझा कागद सही करून हातात दिला.

"देखा? करने से होता है."

त्यांची जीप फाटकाबाहेर पडताच मी पाला उपसला आणि मूळ-दगड बाजूला केले. उद्घाटनाला चौघे आपापल्या उंचीने उभे होते. अजून तसेच आहेत, आणि १३८वाला मला सगळ्यांत छान जमलाय.

त्या दिवसापासून मी तपासणीला येणाऱ्या साहेबाला काही समजावत बसत नाही. तो टेपचं खालचं टोक कुठे टेकवतो, तेवढं बघून ठेवतो.