जबड्यावर बसलेला ठोसा
शिवणकाम करणारी माझी आत्या तरुणपणी बॉक्सिंग खेळायची. एका सामन्यात समोरच्या मुलीचा ठोसा तिच्या जबड्यावर असा बसला, की तिला भरदिवसा तारे दिसले. जबडा मोडला म्हणून डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तर हाडात वाढत चाललेली गाठ सापडली.

"आणखी वर्ष गेलं असतं, तर अवघड होतं," डॉक्टर म्हणाले.

शस्त्रक्रिया झाली, आत्या वाचली. ती मुलगी रडवेली होऊन दवाखान्यात आली.

"ताई, माफ करा मला."

आत्याला बोलता येईना. तिने कागदावर लिहिलं, "माफी कसली? तुझ्या हाताला सोन्याचं कडंच घालायला हवं!"

याला वीस वर्षं झाली. ती मुलगी आजही आत्याकडे येते-जाते. अशा वेळी घरी नवीन कुणी आलं, की आत्या तिची ओळख करून देते, "ही माझी धाकटी बहीण."