सोवळ्यातली चोरी

चोरीसुद्धा माणसानं आंघोळ करून, देवासमोर दिवा लावून मगच करावी असं मानणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मामा मूळचे निपाणीकडचे. सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून बंगळूरला आले, बनशंकरीत घर बांधलं आणि निवृत्त होऊन तिथेच राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलंय की ‘थोडं’ अशा अर्थाचा ‘स्वल्प’ हा शब्द वगळून त्यांना चहासुद्धा मागता येत नाही. पण वाचायला मात्र मराठीच लागतं, आणि बनशंकरीत तांदळाचे सतरा प्रकार मिळतात तरी मराठी कादंबरी मिळत नाही. म्हणून मामा इंटरनेटवरून पुस्तकं उतरवतात. म्हणजे, त्यांच्याच शब्दांत, चोरतात.

हा शब्द त्यांनी कधीही मवाळ केला नाही. “जावईबापू, ‘डाउनलोड’ म्हटलं की आपण काहीतरी तांत्रिक काम करतोय असं वाटतं. चोरी म्हणावं. मन ठिकाणावर राहतं.” या चोरीचे नियमही कडक होते. आधी पुण्या-मुंबईच्या दुकानांत फोन करून पुस्तक विकत मागायचं. दुकानदारानं “ते आता मिळत नाही हो” असं स्वच्छ शब्दांत सांगितलं तरच पुढचं पाऊल. पुस्तक कुठेही विकत मिळत असेल तर उतरवायचं नाही, मग ते यायला कितीही दिवस लागोत. उतरवलेलं दुसऱ्याला पाठवायचं तर मुळीच नाही. आमच्या मराठी मंडळाच्या सचिवांनी एकदा ताजा दिवाळी अंक निघाल्या दिवशीच सगळ्यांच्या फोनवर टाकला, तेव्हा मामांनी त्यांना फोन केला. “पहिल्या पानावर संपादकांचा नंबर आहे. आभार तुम्ही मानताय, की मी मानू?” अंक दहा मिनिटांत गायब झाला आणि सचिव मामांशी वर्षभर जेवढ्यास तेवढंच बोलले.

बरं, ही चोरी सोपीही नव्हती. जिथून ते पुस्तकं उतरवत त्या साइटवर पुस्तकाच्या आधी अर्धवट कपड्यांतल्या बायका उगवत. मामा त्यांना बंद करताना डोळे मिटून घेत, आणि डोळे मिटल्यामुळे बोट हमखास भलत्याच ठिकाणी पडे. अशा एका प्रसंगी बालसंगोपनावरचं गुजराती पुस्तक उतरलं. ते टाकून द्यावं ना! पण चोरलेली वस्तू वाया घालवणं हा त्यांच्या मते दुसरा गुन्हा. त्यांनी गुजराती लिपी शिकून ते अथपासून इतिपर्यंत वाचलं. “वयाच्या सत्तरीला यांना बाळाला उचकी का लागते ते कळलं,” असं मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असत.

या उद्योगातच त्यांना एक जुनी कादंबरी सापडली. एका लहान गावात शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट. कुणीतरी वाचनालयाच्या प्रतीचे फोटो काढले होते आणि पानोपानी त्याचा अंगठा दिसत होता. मामा त्या अंगठ्याला आदरानं ‘अण्णा’ म्हणत. कादंबरीनं त्यांना अक्षरशः झपाटलं. अडचण एकच होती. धाकटी बहीण गाव सोडून निघते, बसमध्ये जाऊन बसते, थोरली डबा घेऊन स्टँडकडे धावत सुटते, आणि तिथे पानं संपतात. शेवटची पानं प्रतीतूनच फाटलेली. प्रकाशन केव्हाच बंद पडलेलं. ती गेली की थांबली, या प्रश्नानं मामांनी घरातल्या सगळ्यांना हैराण केलं. मामींच्या मते ती जायलाच हवी होती. मामांना ते पटत नसे आणि त्यावरून एकदा दोघांचा खरोखरीचा अबोला झाला.

गेल्या हिवाळ्यात सचिवांनी कळवलं की या कादंबरीच्या लेखिका बंगळूरातच व्हाइटफील्डला नातीकडे आल्या आहेत आणि मंडळात त्यांच्याशी गप्पा ठेवल्या आहेत. बाई ऐंशीच्या पुढच्या, राहणार सांगलीच्या. आम्हाला वाटलं, मामा नाचतील. मामा पांघरूण घेऊन पडून राहिले. “मी येत नाही. कोणत्या तोंडानं जाऊ त्यांच्यासमोर?”

“जे आहे त्याच तोंडानं जा. दुसरं कुठून आणणार आहात?” मामी म्हणाल्या आणि त्यांनी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

मी त्यांना गाडीतून घेऊन गेलो. वाटेत गाड्यांची रांग हलत नव्हती आणि मामा खिडकीकडे तोंड करून पुटपुटत होते. मी विचारलं तर म्हणाले, “कबुलीजबाब पाठ करतोय. स्वल्प लांबतोय.”

पण सभागृहात पाठ केलेलं सगळं गेलं. बाईंचं बोलणं झालं, कुणाला काही विचारायचंय का असं सचिवांनी म्हटलं, आणि मामा उभे राहिले.

“बाई, मी तुमचा वाचक नाही. मी तुमचा चोर आहे.”

सचिव माइक घ्यायला धावले. बाईंनी त्यांना हातानंच थांबवलं. “काय चोरलंत?”

मामांनी सगळं सांगितलं, त्या अंगठ्यासकट. बाईंनी चष्मा काढून पुसला. “चांगलं केलंत असं मी म्हणणार नाही,” त्या म्हणाल्या. “चार वर्षं घालवली होती मी त्यात, शिवणाच्या दुकानात बसून. मला एकदा विचारायचं होतंत. मी हो म्हटलं असतं.” मामांनी मान खाली घातली. मग बाई जरा पुढे वाकल्या. “पण ती फाइल आहे का हो अजून? माझी शेवटची प्रत कुणीतरी वाचायला म्हणून नेली, ती आलीच नाही. माझ्याकडे आता पहिलं पानसुद्धा नाही.”

मामांनी तिथेच, त्या व्यासपीठाच्या पायरीवर बसून, बाईंच्या नातीच्या फोनवर फाइल पाठवली. बाईंनी पहिलं पान बोटांनी मोठं करून पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मामांच्याही. मग मामांना राहवेना.

“बाई, एकच सांगा. ती गेली का?”

बाईंनी कपाळाला हात लावला. “अहो, मला आठवतच नाहीये!” आणि इतक्या मोठ्यानं हसल्या की सगळं सभागृह हसायला लागलं.

आता ती कादंबरी पुन्हा निघणार आहे. बेळगावच्या एका लहान प्रकाशकानं रीतसर करार केला आहे. मामांनी बाईंच्या परवानगीनं अण्णाच्या अंगठ्याच्या आजूबाजूनं वाचत सगळी कादंबरी नव्यानं टाइप केली. शेवट बाई नव्यानं सांगतात. त्यांचा हात आता लिहिताना कापतो, म्हणून दुपारची जेवणं झाली की त्या सांगलीहून फोन करतात आणि मामा उतरवून घेतात.

परवा मी गेलो तेव्हा ते काम चाललेलं होतं. फोन टेबलावर ठेवलेला, मामा संगणकासमोर ताठ बसलेले. बाईंचा आवाज बारीक पण स्पष्ट येत होता. “धाकटीनं खिडकीतून हात बाहेर काढला, स्वल्पविराम...” आणि आवाज थांबला. बराच वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं फोन कटला, म्हणून मी पुढे झालो. मामांनी मला हातानं मागे सारलं.

“इरी, इरी, थांबा,” ते कुजबुजले. “बाई विचार करतायत.”

सांगलीच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली, मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मामींनीही हातातलं काम थांबवलं होतं. मामांची बोटं कळांच्या वर तशीच अधांतरी होती.