आवाज कसा येतोय?

लिफ्ट दुरुस्त करणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. पण परदेशातल्या त्या चारचौघांच्या खोलीत त्याला मान होता तो वेगळ्याच विद्येसाठी. घरी फोन स्वस्तात कसा लावायचा, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून सगळे त्याला प्लॅनमास्तर म्हणत. शेजारच्या इमारतीतली माणसंसुद्धा नवं सिमकार्ड घेण्याआधी त्याच्याकडे यायची, डॉक्टरला नाडी दाखवायला आल्यासारखी. मग मास्तर पलंगावर मांडी ठोकून तपासणी सुरू करायचा. "घरी लँडलाइन आहे की मोबाइल? बोलायचंय कुणाशी, आईशी की बायकोशी? बायको असेल तर सरळ महिन्याचा प्लॅन घे. मिनिटांच्या हिशोबावर गेलास तर विकला जाशील!"

त्याने सगळं करून पाहिलं होतं. नाण्याने खरवडायची कार्डं होती, त्यांची निम्मी मिनिटं नंबर दाबण्यातच संपायची. काचेच्या खोक्यात उभं राहून बोलायची दुकानं होती, तिथे शेजारच्या खोक्यातलं भांडण आपल्या आईला ऐकू जायचं. एकदा मोठ्या हौसेने त्याने राउटरला जोडायचा एक डबा आणला. तो लावला की बाकी सगळ्यांचं इंटरनेट झोपायचं. त्या डब्यापायी खोलीतल्या आचाऱ्याने त्याच्याशी अबोला धरला, आणि ज्याच्या हातचं जेवायचं त्याने अबोला धरला की काय हाल होतात ते वेगळं सांगायला नको.

हा सगळा खटाटोप एका फोनसाठी होता. घरी आई एकटी. थोरली बहीण, ताई, लग्न होऊन दुसऱ्या गावी. वडील गेल्यानंतर परत निघताना त्याने आईला शब्द दिला होता, "दर रविवारी फोन करीन. तुला एकटं वाटू देणार नाही." त्या शब्दाला तो जागला होता. ताप असो, कामाचा घोळ असो, रविवार काही त्याने चुकवला नव्हता, आणि मनातून त्याला याचा फार अभिमान होता. इतक्या लांबून आईला धरून ठेवायचं तर हाती हा एवढा फोनच आहे, हे त्याला कळत होतं.

आईला मात्र मोबाइलचं वावडं. "लँडलाइन वाजला की कळतं तरी," ती म्हणायची. "तो तुझा मोबाइल कमरेशी थरथरतो, अंगावर पाल पडल्यासारखा!" आता लँडलाइनवर इंटरनेटवरून स्वस्तात बोलायचं म्हणजे ॲप लागतं, आणि ॲप काय, रोज नवं निघतं. त्यामुळे मास्तरच्या संशोधनाला अंत नव्हता.

गेल्याच रविवारची गोष्ट. आई तिकडे बोलत होती आणि हा इकडे कानाला फोन लावून खोलीभर फिरत होता. कधी खिडकीशी, कधी दाराशी, कधी वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीखाली वाकून. "इथून कसा येतोय आवाज? आणि आता? वा, झकास!" कामाने सवयच तशी लावली होती. लिफ्टच्या दाराला कान लावून खरखर कुठून येते ते तो अचूक सांगायचा. आतली माणसं काय बोलतात याच्याशी त्याला काय करायचंय? आईच्या फोनचंही तेच झालं होतं. आवाज तेवढा तो ऐकायचा, बोलणं राहून जायचं. हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं, ही खरी गंमत.

या रविवारी त्याने आणखी एक ॲप घेतलं. पहिला महिना चक्क फुकट! खोलीतले सगळे प्रात्यक्षिक पाहायला जमले. मास्तरने ऐटीत स्पीकर चालू केला. तिकडे फोन वाजला, आईने उचलला.

"कोण बोलतंय?"

"आई, मी."

"मी कोण?"

"अगं, मी! तुझा मुलगा."

"फोनच्या पट्टीवर नंबर तर भलताच दिसतोय." आईचा आवाज एकदम सावध झाला. "पण आवाज मात्र हुबेहूब काढलास हं."

मास्तरने कपाळावर हात मारला. नवं ॲप त्याचा नेहमीचा नंबर दाखवतच नव्हतं. दोष त्याचाच होता. शेजारच्या काकूंना कुणीतरी भाच्याच्या आवाजात फोन करून गंडवलं, तेव्हा यानेच आईची शिकवणी घेतली होती. नंबर अनोळखी असला तर आवाजावर विश्वास ठेवायचा नाही, घरच्यालाच माहीत असेल असं काहीतरी विचारायचं. आई इतकी हुशार विद्यार्थिनी निघेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"बरं, मुलगा आहेस ना माझा? मग सांग, लहानपणी कशावरून पडलास?"

"पेरूच्या झाडावरून. हनुवटीला टाके पडले."

"ते अख्ख्या गल्लीला माहीत आहे. गेल्या रविवारी फोन ठेवताना मी माझ्या मुलाला काय सांगितलं, ते बोल."

मास्तरने डोकं खाजवलं. काही केल्या आठवेना.

"गुडघा दुखतोय म्हणालीस."

"नाही."

"भाजी महाग झाली?"

"भाजी काय, नेहमीच महाग असते. ते माझा मुलगा असता तर विसरला नसता." आई आता तापली होती. "लाज नाही वाटत, म्हाताऱ्या बाईला फसवायला? तुलाही आई असेल की नाही? तिला कर जा फोन!" आणि तिने रिसीव्हर आपटला.

खोलीत हसण्याचा एकच गदारोळ झाला. खोलीतला ड्रायव्हर तर पोट धरून खाली बसला. "मास्तर, स्वतःच्याच घरी दरोडा घालताना सापडलात!" मास्तरही हसला. पण ते हसू काही टिकलं नाही. मुलगा विसरणार नाही असं आई काय बोलली होती?

फोन घेऊन तो बाहेर जिन्यात आला आणि आपल्या नेहमीच्या नंबरावरून थेट लावला. थेट लावणं म्हणजे खिशाला आग, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

"अरे, बरं झालं केलास!" आई खुशीत होती. "आत्ताच एका भामट्याला असा पिटाळलाय! आवाज अगदी तुझा. पण एकच प्रश्न टाकला आणि बोलतीच बंद."

हसून वेळ मारून नेता आली असती. ते त्याच्याने झालं नाही.

"आई, तो भामटा मीच होतो."

"मग उत्तर का नाही दिलंस?"

"मी ऐकलंच नव्हतं, आई. तू बोलत होतीस आणि मी आवाज तपासत होतो." बोलताना त्याला स्वतःचीच लाज वाटली.

आई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "मी म्हटलं होतं, मला आता एकटीला होत नाही रे," ती म्हणाली. "त्याच्या दोनच दिवस आधी जिन्यात तोल जाऊन पडले होते. ताई बोलावतेय, तर घर बंद करून जाऊ का तिच्याकडे, असं विचारलं तुला. कितीतरी दिवस जीभ रेटत नव्हती."

"मग मी काय म्हणालो?"

"'वा, झकास!' म्हणालास. मला वाटलं, चला, तुझीही काळजी मिटली. ताईला हो कळवलं. हा फोनही काढून टाकायला सांगितलाय."

तो जिन्याच्या पायरीवर बसला. मघापासून आवाज खरखरत होता, पण तो जागचा हलला नाही.

"आई, पहिल्यापासून सांग ना. पडलीस तेव्हा जवळ कोण होतं?"

"कोण असणार?" आई म्हणाली. "मी आपली रविवारची वाट बघत बसले, तुला सांगायला."