चार नंबरचा जोड

दोन फिल्म एकीवर एक ठेवल्या, वरची जराशी डावीकडे सरकवली आणि आकडे पुन्हा एकदा वाचले.

खालच्या फिल्मवर आकडा होता जोड नंबर दोनचा. वरच्या फिल्मवर जोड नंबर चारचा. पण दोन्हींमध्ये तेच तिळाएवढे दोन काळे ठिपके, आणि त्यांच्यापासून बोटभर अंतरावर तोच एक पांढुरका शिंतोडा. ठिपक्यावर ठिपका बसला. शिंतोड्यावर शिंतोडा बसला. वेगळे होते ते फक्त आकडे.

आधी आमचं काम सांगते, म्हणजे यात काय बिघडलं होतं ते कळेल. लोखंडाचे दोन जाड पत्रे वेल्डिंग करून जोडले की बाहेरून जोड छानच दिसतो. आत काय आहे ते बघायला त्याचा एक्स-रे काढावा लागतो, माणसाच्या छातीचा काढतात तसाच. जोडाच्या एका बाजूला किरण सोडणारं यंत्र, दुसऱ्या बाजूला फिल्म. आत कुठे पोकळी राहिली असेल तर ती फिल्मवर काळी उमटते. आणि ही फिल्म कुठल्या जोडाची, ते कळावं म्हणून शेजारी शिशाचे छोटे आकडे चिकटवतात. तेही फिल्मवर उमटतात.

वेल्डरने घातलेला जोड म्हणजे त्याचं हस्ताक्षर. एकाच माणसाने दोन सह्या केल्या तरी त्या तंतोतंत एक येत नाहीत. इथे तर ठिपक्यानिशी एक आल्या होत्या. म्हणजे दोन नंबरच्या जोडाचाच एक्स-रे दोनदा काढला होता, दुसऱ्या वेळी नुसते आकडे बदलून. चार नंबरचा जोड कोणी बघितलाच नव्हता.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. गुजरातेतल्या आमच्या गोरव्याच्या कारखान्यांना तेव्हा बाहेरदेशच्या ऑर्डरी यायला लागल्या होत्या, आणि बाहेरचे लोक प्रत्येक जोडाची फिल्म मागायचे. म्हणून आमच्यासारख्या छोट्या टेस्टिंग एजन्सींना बरे दिवस आले होते. आमच्या एजन्सीत माणसं मोजकी. मालक हसमुखभाई फिल्म वाचून रिपोर्टवर सही करायचे. रमणभाई साइटवर जाऊन एक्स-रे काढायचे. आणि मी, माधवी, डार्करूम असिस्टंट. लाल दिव्यात फिल्म धुवायच्या, वाळवायच्या, आणि अलीकडे हसमुखभाईंच्या आधी एक नजर टाकून 'चेक्ड बाय'समोर नाव लिहायचं.

इथे मी कशी येऊन पडले ते विचारू नका. बरं, विचाराच. बारावी सायन्सला सत्तेचाळीस टक्के पडले. माझे बाबा रावपुऱ्यात संस्कृतचे शिक्षक. त्यांनी माझ्यासाठी फार्मसीचं स्वप्न बघितलं होतं, ते तिथेच आटोपलं. मग घरी येणारा प्रत्येक जण चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत विचारायचा, "मग आता पुढे काय?" दोन महिने ऐकून ऐकून माझं डोकं फिरलं. पेपरात 'डार्करूम असिस्टंट पाहिजे' अशी दोन ओळींची जाहिरात दिसली. मला वाटलं, फोटो स्टुडिओ असेल. गोरव्याला गेले तर हे लोखंड! पण निदान इथे 'पुढे काय' विचारणारं कोणी नव्हतं.

आई हादरली. "किरणांत काम करणारी मुलगी कोण करून घेईल?" छातीवर लावायचा बॅज मी तिला दाखवला. किरण किती लागले ते त्यावरून मोजतात, सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे लागतातच ना?" बाबा मास्तर माणूस, त्यांनी मुदत घातली. पुढच्या वर्षी पीटीसीच्या फॉर्मची शेवटची तारीख येईल तोवर परमनंट झालीस तर ठीक, नाहीतर फॉर्म भरायचा. पीटीसी म्हणजे गुजरातेत प्राथमिक शिक्षक व्हायचा कोर्स. मी कबूल झाले. मला शिकवायची आवड नव्हती, आणि लहान पोरांना जिला आवड नाही अशी बाई देऊ नये.

पण या फिल्मची मात्र मला आवड लागली होती. कशी, ते मलाही सांगता यायचं नाही. पाण्यातून फिल्म वर काढायची, दिव्यासमोर धरायची, आणि कोणालाही न दिसणारं आपल्याला दिसायचं. सत्तेचाळीस टक्केवालीला! रमणभाईंनी मला हे सगळं शिकवलं. फिल्म कशी धरायची, नखाचा डाग कोणता, पाण्याचा कोणता, खरा दोष कोणता. पन्नाशीचा, मऊ बोलणारा माणूस. डब्यातला थेपला अर्धा मोडून मला दिल्याशिवाय स्वतः खायचे नाहीत.

आणि त्या दोन्ही फिल्म त्यांनीच काढलेल्या होत्या.

तो शुक्रवार होता. पीटीसीच्या फॉर्मची शेवटची तारीख शनिवार.

मी आधी स्वतःलाच खोटं पाडायचा प्रयत्न केला. फिल्म तिरकी धरून बघितली. वरचा डाग असेल तर तिरक्या उजेडात चमकतो. नाही चमकला. मग वाटलं, एकाच पाकिटात दोन फिल्म गेल्या असतील. पण मग आकडेही एकच आले असते. जोड गॅसच्या एका टाकीचे, तिच्याभोवती गोल फिरणारे, म्हणून एकेकाच्या बारा फिल्म. शेवटी दोन नंबरच्या बारा फिल्म आणि चार नंबरच्या बारा, सगळ्या जोडीने लावून बघितल्या. बाराच्या बारा जुळल्या.

रमणभाई मागच्या दारी चहा पीत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "रमणभाई, चार नंबरचा जोड तुम्ही काढलाच नाही ना?"

त्यांनी कप खाली ठेवला. हात गुडघ्यावर गेला. मग म्हणाले, "बेन, घुटण फार दुखत होतं."

ती टाकी होती खोलीएवढी लांब. आत शिरायला एका टोकाला माणूस जाईल एवढं भोक. दोन नंबरचा जोड त्या भोकाजवळच, चार नंबरचा पार दुसऱ्या टोकाला. फिल्म आतून चिकटवायची, म्हणजे गुडघ्यांवर रांगत तिथवर जायचं, तेही बारा वेळा. हेल्पर त्या दिवशी आलेला नव्हता.

"तोच वेल्डर, तीच वेल्डिंगची वायर," रमणभाई म्हणाले. "दोन नंबर सरस आहे, तर चार नंबर पण सरसच असणार ने?"

"असेलही. पण बघितलाय कुणी?"

त्यांनी कप पुन्हा उचलला. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. ज्या माणसाने मला खरा दोष ओळखायला शिकवला, त्याचाच दोष मला दिसायला हवा होता का? पण त्या टाकीत दाबाखाली गॅस भरणार होते. तिच्याजवळ माणसं उभी राहणार होती, माझ्या बाबांसारखी डबा घेऊन कामाला येणारी. मी फिल्म उचलल्या आणि हसमुखभाईंच्या केबिनमध्ये गेले.

"शुं थयुं?" हसमुखभाईंनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "सोमवारी टाकी डिस्पॅच आहे. रिपोर्ट आज संध्याकाळी पाहिजे. डार्करूमवालीने फिल्म धुवायच्या. वाचायच्या नाहीत."

"चेक्ड बायमध्ये नाव माझं आहे, हसमुखभाई."

"आपली सगळ्यात मोठी पार्टी आहे ही, कळतंय? आणि हे बघ." त्यांनी ड्रॉवर उघडून एक टाईप केलेला कागद दाखवला. "तुझं परमनंटचं लेटर. आज सही करून देणार होतो."

मला वाटलं होतं, असा कागद समोर आला की माझी जीभ लुळी पडेल. उलटच झालं. मीच चमकले, माझा आवाज इतका शांत होता. "मग राहू दे ते ड्रॉवरमध्येच. पण या शीटवर माझं नाव मी लिहिणार नाही. माझ्यावर विश्वास नका ठेवू. हातच्या काकणाला आरसा कशाला? तुम्हीच बघा ना."

बघितलं त्यांनी. रागारागानेच उठले, फिल्म उजेडावर आपटल्या, एक दुसरीवर सरकवली. मग दुसरी जोडी. मग तिसरी. त्यांचा चेहरा बदलत गेला. हसमुखभाई धंदेवाले होते, पण त्याआधी वीस वर्षं फिल्म वाचणारे होते. पाचव्या जोडीला ते खुर्चीत बसले आणि कपाळावर हात मारून म्हणाले, "मी पण सही करून टाकली असती."

त्यांनी पार्टीच्या मॅनेजरला फोन लावला. पलीकडचा आरडाओरडा मला टेबलाच्या अलीकडे ऐकू येत होता. हसमुखभाई एकच वाक्य परत परत म्हणत राहिले, "साहेब, चार नंबर फरी काढावा लागेल. आमची चूक आहे." शेवटी मॅनेजर म्हणाला, उद्या दुपारी शिफ्ट सुटल्यावर वर्कशॉप रिकामं असेल तेव्हा काढा, आणि यानंतर तोंड दाखवू नका.

आता आत कोण जाणार? रमणभाईंचा गुडघा तसाच. हेल्परचा पत्ता नाही. हसमुखभाईंचं पोट त्या भोकातून गेलं नसतं, हे त्यांनाही माहीत होतं. ते माझ्याकडे बघायला लागले.

"मी जाते," मी म्हटलं.

शनिवारी सकाळी बाबांनी भरलेला फॉर्म टेबलावर ठेवला होता. त्यांचं ते सुंदर अक्षर. फक्त माझी सही बाकी. "एक वाजता ऑफिस बंद होतं," ते म्हणाले.

"बाबा, आज मला एका टाकीत शिरायचंय."

"काय करायचंय?"

मी सगळं सांगितलं, अगदी ड्रॉवरमधल्या कागदापर्यंत. त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे तू परमनंट झालेली नाहीस. ठरल्याप्रमाणे सही कर आणि मग जा."

"नाही करणार. चिडा हवं तर. आले की बोलू." आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांना नाही म्हटलं आणि चपला घातल्या. गोरव्याची बस पकडली.

टाकीच्या आत उकाडा असा की श्वास अडकावा. तोंडात बॅटरी, गळ्यात फिल्मची पिशवी, खिशात शिशाचे आकडे. रमणभाई बाहेरून सांगत होते, आणि मी त्यांच्या आवाजामागून रांगत होते. प्रत्येक फिल्म चिकटवायची, बाहेर यायचं, सगळे दोरीच्या पलीकडे लांब गेले की रमणभाई शॉट घेणार, मग पुन्हा आत. पहिल्या खेपेला मी शिशाचा चारचा आकडा चिकटवला आणि त्यावर हात दाबून धरला. हा खरंच चार नंबरचा जोड आहे ना, याची मी बोटांनी चाचपून खात्री केली. चौथ्या खेपेला सलवार गुडघ्यावर फाटली. रमणभाई का आत गेले नाहीत, तेही मला त्याच वेळी कळलं. माफ नाही केलं, पण कळलं.

फिल्म मीच धुतल्या. पहिल्या सहा स्वच्छ. सातवी पाण्यातून वर काढली आणि लाल दिव्यातसुद्धा दिसलं. जोडाच्या मधोमध काळी रेघ, पट्टीने ओढावी तशी सरळ. आठवीतही तीच रेघ पुढे चालू. याचा अर्थ वेल्डिंग मुळापर्यंत पोचलंच नव्हतं. वरून साय धरलेली, आत पोकळ.

मॅनेजर स्वतः गाडी घेऊन आला. फिल्म उजेडावर बघितली, काळ्या रेघेवरून बोट फिरवलं. तो जोड खोदून काढून पुन्हा भरला. टाकी आठ दिवस उशिरा गेली. "चूक तुमची आणि खर्च आमचा," म्हणत पार्टीने सहा महिने आम्हाला काम दिलं नाही. सातव्या महिन्यात दिलं.

हसमुखभाईंनी रमणभाईंना काढलं नाही. साइटवरून हलवून डार्करूममध्ये घातलं, माझ्या जागी. आणि मला साइटवर व फिल्म वाचायला. कानामागून आली आणि तिखट झाली, असं बोलणारे निघालेच. रमणभाई महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एके दिवशी अर्धा थेपला माझ्या टेबलावर ठेवून गेले.

परमनंटच्या लेटरचं मात्र भलतंच झालं. त्यावर हुद्दा डार्करूम असिस्टंटचा होता, म्हणून हसमुखभाईंनी ते फाडलं आणि 'ट्रेनी, फिल्म इंटरप्रिटेशन' असं नवं टाईप करून दिलं. वर आणखी सहा महिने प्रोबेशन! खरेपणाचं बक्षीस हे असं मिळतं, आधीच सांगून ठेवते.

त्या शनिवारी मी तिन्हीसांजेला घरी आले तेव्हा अंगभर गंज होता. फॉर्म टेबलावर तसाच. बाबा म्हणाले, "पुढच्या वर्षी भरू." मी म्हटलं, "बघू."

पुढे मी परीक्षा दिल्या, सर्टिफिकेटं मिळवली, फिल्म जाऊन कॉम्प्युटरचा पडदा आला तेव्हा पुन्हा पहिलीपासून शिकले. आज नवी मुलं-मुली हाताखाली येतात, मार्कशीट पुढे करतात. मी बघते, पण त्यांना सांगते, आकडे कुणीतरी चिकटवलेले असतात. जोड बघायला शिका.

बाबांनी पुढच्या वर्षी खरोखरच पीटीसीचा फॉर्म आणला. "असू दे घरात," म्हणाले. त्याच्या पुढच्या वर्षीही आणला, पण भरला नाही. तिसऱ्या वर्षी टेबल रिकामं दिसलं. मी मुद्दाम विचारलं, "बाबा, यंदा फॉर्म नाही?"

ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तारीख निघून गेली. लक्षातच राहिलं नाही."

पस्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माझ्या बाबांची त्याआधी एकही तारीख चुकलेली नव्हती.